म्हशीच्या उबेला

सुवर्णाची म्हैस सकाळी सव्वानऊला मेली. ती कशानं मेली हे गोठ्यात जमलेल्या पंधरा-वीस माणसांपैकी एकट्या वृषालीला कळलं आणि कळल्याबरोबर तिनं काय केलं, तर दाव्याजवळची पिवळी बादली पायानं हळूच गवताच्या ढिगामागं सरकवली.

तसं काही ठरवून ती आली नव्हती. "हरणी फुगलीया, लगेच ये," असा सुवर्णाचा, तिच्या नणंदेचा, फोन आला तशी स्कूटर काढून कुरणवाडीहून तडक जांभळेवाडीत पोचली होती. जनावरांचे डॉक्टर घोरपडे तिच्या आधीच आले होते. त्यांनी हरणीच्या डाव्या भकाळीत, बरगड्यांमागच्या खळग्यात, नळी घातली. एरवी नळी आत गेली की फस्सकन वारा सुटतो आणि जनावर उठून रवंथ करायला लागतं. इथं वारा सुटलाच नाही. नळीतून हिरवट, चिकट फेस आला आणि नळी तुंबली. दुसरी घातली, तीही तुंबली. दोन बाटल्या गोडेतेल पाजलं. तासाभरात हरणीनं मान टाकली.

"पोटफुगी मी शेकड्यांनी बघितली," घोरपडे हात धुताना म्हणाले, "पण असला फेस नाही."

वृषालीनं बघितला होता. आपल्या घरामागच्या हिरव्या टाकीचं झाकण उघडून दर आठवड्याला ती तोच फेस ढवळत होती.

"मीच मारली गं तिला," सुवर्णा भिंतीला टेकून बसली होती. "काल चाऱ्याला ओलं कडवळ घातलं. उनात सुकवायचं सोडून तसंच घातलं. माझ्याच हातानं मारली."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं, बाकी काही नाही. वृषाली नणंदेजवळ बसली, तिच्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "वन्सं, असं मनाला लावून घेऊ नका. व्हायचं ते झालं."

आता ही भानगड समजायची तर तीन वर्षं मागं जायला हवं.

वेदगंगेच्या काठानं सगळा उसाचा मुलूख. तोडणी झाली की रानात गुडघाभर पाचट उरायचं आणि लोक ते पेटवून द्यायचे. महिनाभर आभाळ काळं, घराघरांत खोकला. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. शर्मिष्ठा आठल्ये हे पाचट बघून इतक्या हरखल्या, की गावकऱ्यांना वाटलं बाईंचं काहीतरी बिनसलंय.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात त्यांनी समजावलं होतं. "उसाच्या पात्यातसुद्धा साखरच असते. फक्त ती लांब साखळ्यांमध्ये बांधलेली असते आणि त्यावर लिग्निन नावाचं कुलूप असतं. म्हणून पाचट कुजता कुजत नाही. वाळवीच्या पोटातल्या जंतूंना ते कुलूप उघडता येतं. आम्ही त्यांची ती विद्या काढली आणि शेणातल्या जंतूंना शिकवली. तुमच्या गोबरगॅसला चाळीस दिवस लागतात. याला तीन."

"आन हे जंतू मोकाट सुटलं, तर आमची छपरं खातील की वं," मागनं कुणीतरी म्हणालं. सभागृह हसलं.

डॉ. आठल्ये हसल्या नाहीत. "म्हणूनच त्यांना आम्ही परावलंबी केलंय. त्यांना जगायला एक पदार्थ लागतो, तो निसर्गात कुठंच नाही. तो या गुलाबी पुडीत आहे. आठवड्याला एक पुडी टाकीत सोडायची. पुडी नाही, तर जंतू नाही."

बायकांनी त्या जंतूंच्या पाण्याला पहिल्याच दिवशी नाव दिलं, विरजण. बाईंनाही नाव आवडलं, त्याही विरजणच म्हणायला लागल्या. वर्षभरात कुरणवाडीत पाचट पेटणं थांबलं. सिलिंडरची गाडी यायची बंद झाली. वेशीवर 'धूरमुक्त गाव' अशी कमान लागली आणि कमानीखाली फोटो काढायला आजूबाजूची गावं येऊ लागली. वृषाली चौगुले गावची 'ऊर्जासखी' झाली. दोन वर्षं सायन्स शिकलेली, हिशेबी आणि तोंडानं खमकी. पुड्यांचं वाटप, टाक्यांची नोंद, सगळं तिच्याकडं. कुणालाही विरजण द्यायचं नाही, गावाबाहेर थेंबसुद्धा जाऊ द्यायचा नाही, अशा कागदावर तिनं सही केली होती.

सही केली खरी. पण विरजणाला नाही म्हणायची सवय कुणाला असते? आपल्याकडं शेजारणीला साखर नाही म्हणता येतं, दागिना तर नाहीच देत कुणी. विरजण मात्र मागायला आली तर चमचाभर घालायचंच, फार तर दिवेलागणीनंतर देत नाहीत. सुवर्णा संक्रांतीला माहेरी आली, वृषालीच्या शेगडीपुढं उभी राहून निळ्या जाळाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्या गावाचं नाव कवा यायचं यादीत?"

"पुढच्या टप्प्यात, वन्सं. दोन-तीन वर्षांत."

"तवर डोळं जातील माझं धुरानं." तिचे यजमान इचलकरंजीला सूतगिरणीत, घर, रान आणि चार म्हशी तिच्या एकटीच्या अंगावर. परसात सासऱ्यानं बांधलेला जुना गोबरगॅस बंद पडलेला होता. "वाईच दे की गं तांब्याभर."

वृषालीनं दिवे लागायच्या आत किटली भरून दिली.

पुड्या मात्र मोजून यायच्या, त्या देणं शक्य नव्हतं. पाच दिवसांत ते विरजण मेलं. पुन्हा दिलं, पुन्हा मेलं. तिसऱ्यांदा वृषालीला युक्ती सुचली. विरजण लागेना तर आपण काय करतो? ऊब देतो आणि जिथं थोडं घट्ट झालंय तिथलं उचलतो. "बादलीत शेण न् पाचट कालवा," तिनं फोनवर सांगितलं, "वर थोडं जरी बुडबुडे दिसलं तरी तेवढाच फेस काढून दुसऱ्या बादलीत घाला. आन बादली गोठ्यात ठेवा, म्हशीच्या उबेला." सहा बादल्या झाल्या. शिमग्याच्या आधी सुवर्णाचा फोन आला. "वृषाली, लागलं गं! पुडीबिगर लागलं! चा केलाय, चा पितीया!"

वृषालीला केवढा आनंद झाला होता. पुण्याच्या शास्त्रज्ञांना जे जमलं नाही ते दोन बायकांनी बादलीत करून दाखवलं. कधीतरी बाईंना सांगू आणि बाई पाठ थोपटतील, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तिचं तिलाच हसू आलं होतं. आता ते हसू आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

हरणी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती चुन्याच्या दोन पिशव्या घेऊन जांभळेवाडीला गेली. 'खड्ड्याला वास येतोय' असं सांगून सगळा चुना सुवर्णाच्या गोबरगॅसमध्ये ओतला. बादल्या उकळत्या पाण्यानं घासल्या. पिवळीच्या काठावर हरणीच्या जिभेनं चाटून स्वच्छ केलेला पट्टा होता, तोही घासला. सुवर्णा ओट्यावर बसून बघत होती.

"किती राबशील माझ्यासाठी," ती म्हणाली. "सख्खी भैन करनार न्हाई एवढं."

वृषालीनं मान वर केली नाही. एवढ्या चुन्यानं निभावलं असतं तर बरं झालं असतं, पण सुवर्णाकडंही विरजणाला नकार नव्हता. तिनं ते पुढं दिलं होतं आणि विरजणाबरोबर ऊब द्यायची युक्तीही. सहाव्या दिवशी त्याच गल्लीतल्या हौसाक्काची गाय गेली. हौसाक्का सत्तरीची, एकटी. गायीशी दिवसभर बोलायची, दुसरं बोलायला होतंच कोण. ती रडलीसुद्धा नाही. रिकाम्या दाव्याशी बसून राहिली म्हणून सांगत होते.

ही गाय केवळ आपल्या गप्प बसण्यानं मेली. हरणीच्या वेळी अज्ञान म्हणता आलं असतं, हिच्या वेळी काय म्हणणार? वृषालीला जेवण जाईना. सांगावं म्हटलं तर गावाच्या कमानीपासून नवऱ्याच्या तोंडापर्यंत सगळं डोळ्यांपुढं यायचं. उद्या सांगू, असं म्हणत तिनं सहा दिवस काढले होते.

आठव्या दिवशी डॉ. आठल्ये आल्या. घोरपड्यांनी पाठवलेला फेस त्यांनी तपासला होता. त्या वृषालीच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या. चहा तसाच गार झाला.

"आमचेच जंतू आहेत," त्या म्हणाल्या. "पण पुडीशिवाय जगणारे. हे कसं झालं असेल सांगते. कोट्यवधी जंतूंत एखादा चुकून बदललेला निघतो. टाकीत पुडी असते तोवर त्याचं काही चालत नाही, तो हरवून जातो. पण कुणी पुडी न देता वाढवायला बघितलं, बाकीचे मेले आणि जो तगला तोच उचलून पुन्हा वाढवला, असं चार-पाच वेळा केलं, तर संपलं. आपण बियाणं निवडतो ना, तशी त्याची निवड होत जाते."

वृषाली ओट्याला धरून उभी होती.

"आणि म्हशीचं पोट तरी काय? शंभर लिटरचा गोबरगॅसच. तीच ऊब, आत हवा नाही, चारा आयता. चाळीस दिवसांचं काम हे तीन दिवसांत करतात, ते पोटात शिरले की फेसच फेस. जनावराला ढेकर देता येत नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "औषध आहे. जंतूंना खाणारा एक विषाणू आम्ही सुरुवातीलाच करून ठेवला होता. पण तो फुगायच्या आधी पाजावा लागतो. म्हणजे विरजण कुठल्या कुठल्या घरात गेलंय ते कळायला हवं. तुझी वही मी बघितली. चोख आहे. मग बाहेर गेलं कुठून?"

"टाकीतनं झिरपलं असंल," वृषाली म्हणाली. "ओढ्यानं गेलं असंल खाली."

डॉ. आठल्येंनी चष्मा पुन्हा चढवला. "असेल. मग चूक माझीच. उद्या तसं लिहून देते. टाकीचा आराखडा माझा होता." आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या, "विरजण हा शब्द मी वापरायला नको होता. त्या शब्दानंच लोकांना धीर आला असणार."

ती बाई स्वतःवर घेऊन गेली. वृषालीनं ते घेऊ दिलं.

त्याच दिवशी संध्याकाळी वृषालीच्या नवऱ्यानं, प्रमोदनं, जेवताना सहज सांगितलं, "सुवर्णाक्का म्हशी विकायला काढतीया. उद्या बाजार हाय, टेंपो सांगितलाय. म्हणती, मला जनावर राखायची अक्कल न्हाई, आनखी जीव नको माझ्या हातनं जायला."

वृषालीच्या हातातला घास तसाच राहिला. तीन म्हशी. त्याच गोठ्यातल्या, त्याच बादल्यांजवळ बांधलेल्या. बाजारातनं त्या कुठल्या तीन गावांत जातील कोण सांगणार? आणि सुवर्णा जन्मभर आपल्याच हाताला शिव्या देत बसणार, ज्या हातानं फक्त सांगितलं तसं केलं होतं.

सकाळी तिनं आधी डॉ. आठल्येंना फोन लावला. त्या मुक्कामाला घोरपड्यांकडं होत्या. "टाकी झिरपलेली नाही, मॅडम," ती म्हणाली. "विरजण मी दिलंय. औषध घेऊन जांभळेवाडीला या. मी तिकडंच निघालेय." पलीकडून काही ऐकू येण्याआधीच तिनं फोन ठेवला, नाहीतर धीर सुटला असता.

ती पोचली तेव्हा टेंपोला फळी लावलेली होती आणि सुवर्णा पहिल्या म्हशीचं दावं सोडत होती. डोळे सुजलेले. म्हशीच्या कपाळावर कुंकू लावलं होतं.

"सोडू नका, वन्सं," वृषाली म्हणाली. "आधी माझं ऐका. हरणी कडवळानं मेली न्हाई. विरजणानं मेली. पिवळ्या बादलीतलं तिनं चाटलं. बादली म्हशीजवळ ठेवा असं मीच सांगितलं हुतं. तुमच्या हातानं काय बी झालेलं न्हाई."

टेंपोवाला बिडी विझवून लांब जाऊन उभा राहिला. सुवर्णा दावं धरूनच होती.

"तू सांगितलंस तवा," तिनं विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"न्हाई. शपथ. न्हाई ठावं."

"आन हरणी गेली तवा? मी भित्तीला टेकून रडत हुते तवा?"

वृषालीला खोटं बोलता आलं असतं. बोलायचं बळच राहिलं नव्हतं.

"व्हय. तवा ठावं हुतं."

"म्हंजे चुना टाकलास तवा…"

"व्हय."

सुवर्णानं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं. नीट, दोन गाठी मारून. "म्हस तर चुकून गेली गं," ती वळून न बघता म्हणाली. "ते सोसलं असतं. मला मातर तू नऊ दिवस मारत हुतीस. पाठीवरनं हात फिरवून."

वृषालीनं टेंपोची फळी काढून भिंतीला लावली.

डॉ. आठल्ये आणि घोरपडे औषधाचा डबा घेऊन आले. बाईंनी वृषालीकडं एकदाच बघितलं, रागानं नाही, पण ओळखीनंही नाही. तिन्ही म्हशींना औषध पाजलं. मग डॉ. आठल्ये सुवर्णासमोर उकिडव्या बसल्या. "ताई, तुम्ही हे पुढं कुणाला दिलं? एक घर राहिलं तरी चालायचं नाही."

सुवर्णा बोटं मोजायला लागली. हौसाक्का. छाया सुतार. खालच्या आळीतल्या दोघी जावा. शाळेतल्या बाई. वृषाली लिहून घेत होती; तेवढं काम तरी तिला करू दिलं होतं. दहाव्या बोटावर सुवर्णा थांबली. हौसाक्काचं नाव तिनं परत एकदा उच्चारलं, हळूच. तिचा चेहरा बदलत गेला. वृषालीनं तो चेहरा नऊ दिवस आरशात बघितला होता.

"म्हंजे हौसाक्काची गाय," सुवर्णा म्हणाली, "मी दिलेल्यानं."

"तुम्हाला माहीत नव्हतं," डॉ. आठल्ये म्हणाल्या.

"नसंना का. दिलं तर मीच." आणि मग एकदम तोंडावर हात नेत, "ऋतुजा! अगं, पोरीला दिलंय! परवा आलती, छायाकडनं किटली भरून आणून दिली तिला!"

लेकीच्या सासरी, वाघापुऱ्याला, नुकतीच व्यालेली पहिलटकर म्हैस होती. सुवर्णाच्या हातनं नंबर लागेना. वृषालीनं फोन घेऊन लावला आणि तिच्या कानाला धरला. रिंग जात राहिली. तुटली. पुन्हा लावला.

"ऋतुजा! ती किटली… उघडलीस का? न्हाई? अगं नीट सांग! कुठं हाय? देव्हाऱ्याखाली? हात लावू नकोस तिला. कुणाला लावू देऊ नको. गोठ्यात नेऊ नको. मी सांगतीया म्हणून, पोरी. न्हाई, आज न्हाई घालायचं. कवाच न्हाई."

फोन बंद झाल्यावर ती तशीच जमिनीवर बसली. घोरपड्यांनी पाणी आणून दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं.

"आज बोललीस म्हणून पोरीची वाचली," थोड्या वेळानं ती वृषालीला म्हणाली. "आन पहिल्या दिवशी बोलली असतीस तर हौसाक्काची वाचली असती. दोन्ही एकदम कसं धरू सांग. मला जमत न्हाई गं." मग भांडं खाली ठेवून म्हणाली, "जा तू. घरं लई हायेत."

वृषाली गेली. डॉ. आठल्ये तिच्या मागं चार पावलं अंतर ठेवून चालत होत्या. कागदावर अकरा नावं झाली होती आणि त्या अकरांनी पुढं कुणाकुणाला दिलं ते अजून विचारायचं होतं. कुरणवाडीच्या टाक्याही आता बंद होणार होत्या, सगळ्याच, कमानीसकट. पण ते उद्याचं. पहिलं घर छाया सुतारचं होतं.

छायानं दार उघडलं आणि तिला ओळखून पदर सावरत मोठ्यानं हसली. "अगं बाई! वृषालीताई न्हवं? सुवर्णाक्काची भावजय? या की! तुमाला बघायचंच हुतं मला. दोन वर्सं झाली, दम्यानं उठू देत न्हवता मला धूर. आता बघा." तिनं लगबगीनं आत जाऊन शेगडीची चावी फिरवली. निळा जाळ भक्कन उभा राहिला. "तुमच्यामुळं हो. बसा, चा टाकते."

परसातनं म्हैस हंबरली. गोठ्याच्या दारात, उबेला ठेवलेली, एक बादली दिसत होती.

"छायाताई," वृषाली उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "आधी तो गॅस बंद करा. आणि मी काय केलंय ते ऐका."